शेल्याखालची पाच बोटं

आमच्या आदिलाबादच्या बाजारात एक मानूस लोकाईचे घड्याळं ओठाले लावून पाहे. नव्या मानसाले वाटे, म्हातारा घड्याळाचा मुका घेऊन राह्यला. तसं काई नोतं. काच किती थंड हाये ते तो पाहे. भारी घड्याळाची असली काच ओठाले लावली तं बराच वेळ थंडच राह्यते, साधी काच दोन श्वासात कोमट होते. हे त्यानं मले सांगतलं त्या दिवशी मी माह्या दुकानातले सगळे मोबाईल एकेक करून ओठाले लावून पाह्यले. सगळे कोमट निघाले. एक गिऱ्हाईक पळालं ते वेगळंच.

त्याले सगळा बाजार गिरेडर काका म्हने. जवानीत तो भैंशा गावच्या जिनिंगमधी कापसाचा ग्रेडर होता. गाडी आली की मधून एक मूठ कापूस काढायचा, दोन अंगठ्यात धरून तोडायचा, धाग्याची लांबी पाहायची, ओल किती, कचरा किती ते सांगायचं, अन् पुढच्या गाडीकडं जायचं. गाडीवाला किती का बोंबलेना, काकाचा शब्द तोच शेवटचा. पन कापसाचं काम चार-पाच महिन्याचं. उरलेल्या महिन्यात हाताले चैन नाई, म्हनून तो घड्याळं खोलाले शिकला. मग जिनिंगमधी ओल मोजाची मशीन आली, अन् काका कायमचाच घड्याळावर बसला.

मी त्याचा भाडेकरू. एका शटरचे दोन भाग: इकडं माहे मोबाईलचे कव्हर, चार्जर, स्क्रीनगार्ड, तिकडं त्याचं काचेचं टेबल, त्यावर एक दिवा अन् दिव्याखाली काकाचं टक्कल. बसल्या बसल्या मी लोकाईच्या नकला करो. बसचा कंडक्टर, आमच्या शाळेतले तेलुगूचे सार, मोबाईल पान्यात पाडून आलेली बाई. गिऱ्हाईक हसे, स्क्रीनगार्ड लावून जाय. काकाची नक्कल मी त्याच्या समोरच करो. त्याले राग येत नसे. तो चष्मा कपाळावर चढवून पाहे अन् कापूस पाह्यल्यासारखा निकाल दे.

"खोकला बरोबर हाये. पन ओल जास्त झाली तुह्या नकलेत."

"म्हंजे, काका?"

"म्हंजे मी इतका म्हातारा नाई बे."

आता तुमी म्हनसान, आदिलाबादले भारी घड्याळं कुठून आले? तं आमच्या इकडचे लय लोकं खाडीत कामाले जातात. दुबई, मस्कत, कुवेत. परत येताना ब्लँकेट आनतात, अत्तर आनतात, खजूर आनतात, अन् मनगटावर एक घड्याळ. त्या घड्याळावर जे नाव असते ते जर असली असलं तं त्या किमतीत इकडं शेत येते. बहुतेकाईचं असली नसते. पन काईचं असते. अन् कोनतं कोनतं हाये ते सांगनारा मानूस भैंशापासून तामसीपर्यंत एकच.

त्याची पद्धत अशी. घड्याळ हातात घेतलं की तो पयले डोळे मिटे. "डोळा लवकर फितूर होते," म्हने, "त्याले चमक दाखोली की झालं." आधी वजन. मग पट्टा. पट्ट्याच्या कड्या तो आतल्या बाजूनं, जिथं कोनी पाहत नाई तिथं, नखानं घासत जाय. नकली करनारा मानूस वरून लय मेहनत करते, आतून त्याले घाई असते, असं त्याचं म्हननं. मग पट्टा स्वतःच्या मनगटावर घाले अन् हात खाली-वर करे. नकली पट्टा केस पकडते. काकाच्या डाव्या मनगटावर चार बोटाचा पट्टा साफ टकला होता. इतक्या वर्साच्या नकली पट्ट्याईनं उपटलेला. मले तो अभिमानानं दाखवे, जसा पैलवान मोडका कान दाखवते.

मग बाजूचं चावीचं बटन. असलीचं बटन फिरवलं की तेल लावलेल्या दोऱ्यासारखं गुळगुळीत येते. नकलीत कुठंतरी पोह्यात खडा लागल्यासारखं लागते. मग ते ओठाचं. अन् सगळ्यात शेवटी डोळे उघडून सेकंदाचा काटा, आकड्याच्या कडा, रंग कुठं बाहेर सांडला का ते. कोनी कागद पुढं केले, डब्बा पुढं केला, तं काका ते उचलून माह्याकडं दे. "घे, स्क्रीन पुस." घड्याळाच्या आधी कागदच नकली होतात, म्हने.

पन झाकन तो उघडत नसे. परखाले कधीच नाई. "उघडून तं कोनीबी सांगते, बापा. ते पोस्टमार्टम हाये." त्याले त्याचा लय गर्व. हो, गर्वच म्हनतो. अन् दुसरं, तो गिऱ्हाइकाची गोष्ट ऐकत नसे. कोनी सुरू केलं, "माह्या साल्यानं दुबईहून..." की काका पंजा वर करे. "गोष्ट नका सांगू. गोष्ट ऐकली की बोट बिघडते."

अन् निकाल? निकाल तो तोंडानं सांगत नसे. खांद्यावरचा शेला काढून टेबलावर पसरे. एक हात स्वतःचा शेल्याखाली, एक गिऱ्हाइकाचा. जुन्या बैलबाजारात भाव असेच ठरत, शेल्याखाली बोटं दाबून, आजूबाजूच्याले कळू नये म्हनून. काकानं तेच उचललं. पाची बोटं दाबले म्हंजे असली. नुसती करंगळी दाबली म्हंजे नकली. मी एकदा इचारलं, "काका, मधातलं काई नसते? दोन बोटं, तीन बोटं?" तो म्हने, "मिक्स माल कापसात असते, घड्याळात नसते." हे वाक्य ध्यानात ठेवा. मलेबी ठेवाले पाह्यजे होतं.

एकदा कचेरीतले एक साहेब आले. ठेकेदारानं भेट देल्लेलं घड्याळ होतं. साहेब तेलुगूतून बोलले, असलीदा नकिलीदा, गट्टिगा चेप्पु. जोरात सांग, सगळ्याईले ऐकू जाऊ दे. काकानं गपचूप शेला पसरवला. साहेब हसले, हात घातला. मग हसू जिथं होतं तिथंच थांबलं, लाइट गेल्यावर पंखा थांबते तसं, हळू हळू. घड्याळ खिशात टाकून गेले. पुढच्या हप्त्यात त्या ठेकेदाराची फाईल तीनदा परत आली, असं चहाच्या हॉटेलात कोनी कोनी म्हनलं. काकाले मी इचारलं, काऊन जोरानं नाई सांगतलं? साहेबाची मजा आली असती.

"मानूस माह्याकडं घड्याळ आनत नाई," काका म्हनला. "इज्जत आनते, मनगटाले बांधून. ते मी बाजारात काऊन उघडी करू?"

मी मान हालवली. समजल्यासारखी.

अन् मग तो बागवाला दादा आला.

तामसीकडच्या एका गावातला. कापसाचं थोडंसं वावर, पन बावीस वर्सं खाडीत एका शेठच्या बागेत माळी होता, म्हनून मी त्याले बागवाला म्हनतो. दुपारची वेळ. धुतलेला पांढरा सदरा, डोक्याले तेल. मनगटावरचं घड्याळ काढलं तं खाली गोरा पट्टा दिसला, जसा काई तेवढा हात दुसऱ्याचा.

"ऐतवारी पोरीचा साखरपुडा हाये," तो म्हनला. "हे जवायाच्या हातात घालाचं हाये. तिकडचे लोकं जरा कुजबुजून राह्यले, का दुबईचं हाये, नकली असन. म्हनलं एकदा काकाले दाखवाव. माह्या शेठनं मले..."

काकाचा पंजा वर. "गोष्ट नका सांगू, दादा."

त्यानं घड्याळ टेबलावर ठेवलं. काकानं डोळे मिटले. वजन, पट्टा, बटन, ओठ. एरवी दहा-पंधरा मिनटं लागत. त्या दिवशी तीन मिनटात शेला पसरला. मी स्क्रीनगार्ड लावता लावता पाहून राह्यलो होतो. शेल्याखाली करंगळी दबली ते मले दिसलं नाई, पन बागवाल्या दादाचं तोंड दिसलं. त्यानं घड्याळ मनगटावर घातलं नाई, सदऱ्याच्या खिशात टाकलं, अन् खिशाचं बटन लावाले गेला. खिशाले बटनच नोतं. तरी त्याचे बोटं बटन शोधत राह्यले. तसाच गेला.

त्या दिवशी संध्याकाळी चहाच्या हॉटेलात मी ते करून दाखोलं. हो, मीच. डोक्याले तेल, सरळ मान, अन् खिशाचं नसलेलं बटन शोधनारे बोटं. लोकं पोट धरून हसले. कोपऱ्यातल्या टेबलावर एक अडत्या बसला होता, कापसाची दलाली करनारा, सफारी शर्टवाला. तोबी हसला. मग म्हनला, "अबे, कोन होता हा?"

मी म्हनलं, "तामसीकडचा. जवायाले देनार होता घड्याळ."

तो हसायचा थांबला, चहा अर्धा सोडून उठला. मले काय माईत तो त्याच जवायाचा चुलता हाये म्हनून.

दोन-अडीच हप्त्यानं बागवाला दादा परत आला. दाढी वाढलेली. मनगटावरचा गोरा पट्टा उन्हानं पुसत आला होता. त्यानं खिशातून दस्ती, म्हंजे हातरुमाल, काढली, दस्तीतून घड्याळ काढलं, टेबलावर ठेवलं.

"याचा सेल गेला, काका. टाकून द्या."

काकानं घड्याळाकडं पाह्यलं. "नकली घड्याळात कशाले सेल टाकता?"

"बावीस वर्सांत पयल्यांदा बंद पडलं," तो म्हनला. "नकली तं नकली. पन मले त्याच्या आवाजाची सवय हाये. त्याच्याबिगर झोप लागत नाई."

अन् मग, काकाचा पंजा वर गेला तरी, तो बोलत राह्यला. साखरपुड्यात मी ते खिशातून काढलंबी नोतं, तरी जवायाच्या चुलत्यानं सगळ्या पावन्यासमोर म्हनलं, घड्याळ ठेवा तुमच्याजवळच, आमचा पोरगा मोबाईलमधी वेळ पाहते. बाया तोंडाले पदर लावून हसल्या. पोरगी खाली पाहून राह्यली. घरी येऊन घड्याळ पेटीत टाकलं. "त्याचं मले काई नाई. पन शेठनं पयल्याच वर्सी हे देताना मले काय म्हनलं होतं, का हे माह्या बापाचं हाये, माह्या पोराले नाई देत, तुले देतो. मी बावीस वर्सं तेच धरून राह्यलो. घरी, गावात, सगळ्याईले तेच सांगतलं. आता वाटते, शेठ मनात हसला असन. बाजारातून आनलं असन, अन् माळ्याले म्हनलं असन, घे, माह्या बापाचं."

मी चार्जरच्या वायरी सोडवून राह्यलो होतो. त्या गुंतलेल्या नोत्या.

काकानं झाकनाची चावी काढली. सेल टाकाचा म्हंजे उघडावंच लागते, त्यात गर्वाचा प्रश्न नाई. झाकन फिरवलं, भिंग डोळ्याले लावलं, अन् वाकला. मग तो उठलाच नाई. मले वाटलं झोप लागली. बाहेरून एक भाजीवाला ओरडत गेला, परत आला, परत गेला. काका तसाच.

"काच कवा बदलली?" काकानं वर न पाहता इचारलं.

"मीच बदलली. बागेत पडून फुटली होती. तिथं बाजारात टाकून घेतली."

"पट्टा?"

"चामड्याचा होता, घामानं सडला. मग हा घातला, बाजारातलाच."

"चावीचं बटन?"

"तेबी तिथंच. काऊन?"

काकानं घड्याळ तळहातावर घेतलं अन् लहान लेकराले जोजवते तसं दोनदा हालवलं. काटा चालाले लागला.

"सेल न टाकता?" बागवाला दादा म्हनला.

"याले सेल नसते. हात हालला की आतली चकरी फिरते, तेच त्याचं खानं-पिनं. तुमी बावीस वर्सं काढलं नाई, म्हनून बंद पडलं नाई. पेटीत ठेवलं, तं उपाशी राह्यलं." काकानं भिंग खाली ठेवलं. "हे असली हाये, दादा. मी चुकलो."

शेला नाई, बोटं नाई. तोंडानं, साध्या आवाजात, भर दुपारी. मी त्याच्या शटरमधी सहा वर्सं काढले, हे दोन शब्द त्याच्या तोंडून पयल्यांदा ऐकले.

बागवाला दादा हसला. वाईट हसला. "माह्या समाधानासाठी म्हनता तुमी. भले मानूस हा. पन आता काय उपयोग." अन् घड्याळ परत दस्तीत बांधून खिशात टाकलं. मनगटावर नाई. काका पाहत राह्यला.

"लगन कवा हाये?"

"बुधवारी. दारातच."

"मी येतो."

बुधवारी काकानं दुकान बंद ठेवलं, मले म्हनला, कपडे बदल. आमी तामसीच्या बसमधी बसलो. काकाच्या मांडीवर हत्याराची पेटी. खिडकीतून दोन्हीकडं कापूस फुटलेला, पांढरा. अर्ध्या वाटेवर काका खिडकीतून पाहत पाहतच म्हनला, "हॉटेलात तू कोनाचं तोंड करून दाखोलं, ते मले त्याच दिवशी कळलं होतं."

मी हातातल्या तिकिटाची घडी करत राह्यलो.

"मी वरची एक मूठ काढली, अन् गाडी खराब म्हनलं," काका म्हनला. "पट्टा बाजारातला, काच बाजारातली, बटन बाजारातलं. माह्या बोटाईनं तेवढंच पाह्यलं. कापसात मूठ खराब तं गाडी खराब. मी घड्याळाले कापूस समजलो. घड्याळातबी मिक्स माल असते, ते आता कळलं. त्याचं ऐकलं असतं तं त्यानंच सांगतलं असतं." मग मांडीवरची पेटी सारखी करत, "माही चूक बोटाची, तुही तोंडाची. दोघं जाऊ अन् दोघं सांगू."

"मीबी सांगू, काका?"

"मंग मी काय तुही नक्कल करू?"

मांडव भरलेला. मंगलाष्टकं झाले, अक्षता पडल्या, नवरा-नवरी खुर्च्याईवर बसले, पंगतीची तयारी सुरू झाली. साऊंडवाला पोरगा तेलुगू गानं लावाले बटन शोधून राह्यला होता. काका त्याच्याजवळ गेला, "बाबू, मैकु इय्यि," म्हनला, अन् माईक घेतला. काकाले माईक धराची सवय नाई. त्यानं तो घड्याळासारखा कानाले लावला. लोकं हसले. मग तोंडाजवळ आनला.

"मी आदिलाबादचा गिरेडर. तुमच्यातले लय जनं मले ओळखतात. मी इतक्या वर्सात कोनाचा निकाल चारचौघात सांगतला नाई. आज सांगतो, कारन हा निकाल माह्या विरोधात हाये. नवरीच्या बापाचं घड्याळ मी नकली म्हनलो. ते असली हाये. चूक माही हाये, त्याईची नाई."

बायाईची कुजबुज थांबली. सफारी शर्टवाला चुलता पंगतीच्या टोकाले उभा होता.

"काका," तो म्हनला, "पोरीच्या बापानं लय मिनतवारी केली वाटते. गाडीभाडं देऊन बोलावलं का?"

"बसनं आलो, तिकीट खिशात हाये," काका म्हनला. "तुमी या. पयले तुमीच पाहा."

वाढप्याचं एक टेबल रिकामं केलं, काकानं त्यावर शेला पसरवला. या वेळी त्याखाली काई नोतं, सगळं वर. बागवाल्या दादाकडं हात केला. तो जागचा हालेना. नवरीनंच उठून बापाच्या खिशातून दस्ती काढली अन् घड्याळ आनून दिलं. काकानं भर मांडवात झाकन उघडलं. ज्या मानसानं जन्मात पोस्टमार्टम केलं नाई, त्यानं लग्नाच्या मांडवात केलं.

"आतलं काम तुमाले नाई समजनार, ते सोडा," काका म्हनला. "झाकनाच्या आतून पाहा. सुईनं ओरखडे काढल्यासारखे बारीक आकडे हायेत. भारी घड्याळ दुरुस्त करनारा कारागीर आपली निशानी तिथं टाकते. मालकाले दिसत नाई, फक्त पुढच्या कारागिराले दिसते. मोजा किती."

चुलत्यानं भिंग डोळ्याले लावलं. उलटं लावलं. काकानं सरळ करून दिलं.

"पाच," तो म्हनला.

"पाची आकडे एकाच हातानं काढलेले हायेत का वेगळे?"

"वेगळे हायेत. एक तं... हे आपलं नाई, अरबी हाये."

"पाच वेगळ्या कारागिरानं, वेगळ्या वर्सात उघडलं. नकली घड्याळ, अडतेसाहेब, कोनी पाच वेळा दुरुस्त करत नाई. हे एका घरात बापाकडून पोराकडं आलेलं घड्याळ हाये. अन् मग तिथून इकडं आलं."

मग रांग लागली. राजेहो, मी अशी रांग रेशनच्या दुकानासमोरबी पाह्यली नाई. म्हाताऱ्या, लेकरं, आचारी हात पुसत पुसत, साऊंडवाला, दोन्हीकडचे पावने. प्रत्येक जन भिंगातून पाहे अन् पाच म्हनून पुढं जाय, जसा काई प्रसाद भेटला. एका आजीले सहा दिसले, तिच्याशी कोनी वाद नाई घातला.

काकानं माईक माह्या हातात देल्ला.

मी हजार वेळा लोकाईसमोर बोललो असन. कधी कंडक्टरच्या आवाजात, कधी साराच्या. त्या दिवशी तोंड उघडलं तं माहाच आवाज निघाला, अन् मले तो ओळखू नाई आला. म्हनलं, "दादाच्या दुःखाची मी हॉटेलात नक्कल केली. ते ऐकूनच इकडं सगळ्याईले कळलं. मले माफ करा." कोनी हसलं नाई. मी पयल्यांदा काईतरी बोललो अन् कोनी हसलं नाई, अन् मले बरं वाटलं.

चुलता बागवाल्या दादाकडं गेला. त्याचे दोन्ही हात धरले. मग, सवय कशी जाईन, हळूच इचारलं, "व्याहीबुवा, याची आता काय किंमत येईन?"

बागवाल्या दादानं त्याच्याकडं पाह्यलंच नाई. तो काकाकडं पाहून राह्यला होता.

"म्हंजे," तो म्हनला, "शेठ खोटं नाई बोलला."

"नाई," काका म्हनला. "एका शब्दानं नाई."

तेवढंच. मग तो मानूस रडला. मांडवातले सगळे वेगवेगळ्या दिशेले पाहाले लागले. नवरा पोरगा खुर्चीतून उठला. लाजत लाजत म्हनला, "मामाजी, ते मले नका देऊ. मी खरंच मोबाईलमधीच पाहतो." लोकं हसले, अन् नवरीनं घड्याळ बापाच्या मनगटावर बांधलं. त्या पुसट झालेल्या गोऱ्या पट्ट्यावर बरोबर बसलं.

बाजारात काई जनाईले वाटलं, आता काकाचं दुकान बसलं. भर मांडवात चुकलो म्हननाऱ्याकडं कोन जाईन. उलट झालं. निर्मलवरून, मुधोळवरून लोकं याले लागले. कारन, एक जन मले म्हनला, जो चुकला तं बस धरून सांगाले येते, त्याचं बरोबर म्हननं खरंच बरोबर असन. काका त्यानंतर झाकन उघडे, अन् पयले गिऱ्हाइकाची सगळी गोष्ट ऐके, चहा पाजून. एका घड्याळाले अर्धा दिवस लागे. आता तो पोरीकडं निझामाबादले राह्यते, डोळे थकले. पन भारी घड्याळ कोनी दुकानात आनलं अन् इचारलं, इथं ते गिरेडर काका बसत का, तं मी सांगतो, हो, इथंच. माह्या शेजारी. अन् सांगताना मान जराशी ताठ होते, ते मले कळते.

त्या बुधवारी जेवून आमी गावाच्या फाट्यावर बसची वाट पाहत बसलो. बागवाला दादा पोहचवाले आला होता, हातात लाडवाची पुडी. मले वाटलं तो माह्याशी बोलनार नाई. त्यानं पुडी माह्याच हातात देल्ली.

काकानं इचारलं, "दादा, किती वाजले?"

त्यानं हात वर केला, बाही मागं सारली, नीट पाह्यलं. "चारले बारा मिनटं कमी. बस चारले येते."

बस काई चारले आली नाई. काका जरा वेळानं परत म्हनला, "किती झाले?"

"चार वाजून सात."

मग मी इचारलं. त्यानं मलेबी तसंच सांगतलं, बाही मागं सारून, मिनटासकट. माह्या खिशात मोबाईल होता, त्याच्यात सेकंदबी दिसतात. बस येईपर्यंत आमी दोघं आळीपाळीनं त्याले वेळ इचारत राह्यलो, अन् तो दर वेळी हात वर करून सांगत राह्यला.